सासूची गोळी

थायरॉईडचा विषय निघालाच आहे, तर ऐका. मी पोलादपूरला एका दवाखान्यात नर्स होते. उमरठची एक सून सासूला घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, ही दिवसभर झोपून असते. हाक मारली तर ओ पण देत नाय. लोकं म्हणतात, वय झालं."

भर मे महिन्यात म्हातारीने शाल घट्ट लपेटलेली. रक्त तपासलं, तर थायरॉईड फारच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मी सुनेला बजावलं, "सकाळी उपाशीपोटी द्या. चहा अर्ध्या तासाने. आणि मनाने बंद करू नका."

काही महिन्यांनी सून एकटीच आली. "सिस्टर, गोळी जरा कमी होईल का?"

मला काळजी वाटली. "का? छातीत धडधडतं का त्यांना?"

"नाय ओ. माझ्याआधी उठते. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ऐकवते. काल शेजारणीकडं बसून माझी गाऱ्हाणी सांगत होती."

"बरं, डॉक्टरांना विचारू का?"

ती उठून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "नको, राहू दे. मालक मुंबईला असतात. भांडायला तरी घरात कोण पायजे ना."