फुलवंताने ट्यूब फेकली

बसा मंडळी, पुढे सरकून बसा! मागच्या बायांना ऐकू येतंय ना? आजच्या कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. रोग अंगावर आला, तर लाज कुणी बाळगायची? ज्याला झाला त्यानं, की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यानं? थांबा, एवढ्यात माना हलवू नका! आधी फुलवंताचं काय झालं ते ऐका.

भंडाऱ्याकडची बाई. ढिवराची, म्हणजे मासेमाराची लेक, ढिवराचीच सून. शिंगाड्याचा हंगाम आला की दिवसभर कंबरभर पाण्यात! ओलं लुगडं अंगावरच वाळायचं. झालं — कमरेला गजकर्ण उठलं. आधी रुपयाएवढा गोल चट्टा, मग बशीएवढा, मग पार मांड्यांपर्यंत. खाज म्हणजे कशी? बोलता बोलता बाई भिंतीआड पळायची!

दुकानदारानं एक ट्यूब दिली. लावली — तीन दिवसांत खाज गायब! बाई खूश. आठ दिवसांनी पुन्हा हजर, दुप्पट. पुन्हा ट्यूब. असं दोन वर्षं, मंडळी! चट्टे गळ्यापर्यंत चढले. गावात कुजबुज — "मागच्या जन्मीचं पाप हो!" मासेमार सोसायटीचे अध्यक्ष हरबाजी. त्यांनी तर निरोपच धाडला, "फुलवंताबाईनं तलावात उतरू नये. पाणी बाटते."

फुलवंता घरात दोन दिवस बसली. रडली का? रडली. मग उठली, तोंड धुतलं, आणि थेट तालुक्याच्या दवाखान्यात!

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. "फुलवंताताई, ही बुरशी आहे. तुमच्या कातडीत राखणदार पेशी असतात, फांद्यांसारखे हात पसरून बसलेल्या. बुरशी शिरली की त्या तिचा तुकडा धरतात, जांघेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या लढाऊ पेशींना ओळख पटवतात. मग फौज येते. जागा लाल होते, खाजते, ती त्यांची लढाई असते."

"मंग ट्यूबनं खाज कशी गेली?"

"फौजेला झोपवलं म्हणून! बुरशी जागीच होती. ती लबाड, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात दडून बसते. दोन वर्षं लढून राखणदार थकले, त्यात तुम्ही त्यांना गुंगी दिलीत."

"आता वो?"

"ट्यूब बंद. गोळ्या मी सांगेपर्यंत, एक दिवस न चुकवता. घरातल्या सगळ्यांना दाखवा. टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात. पण ऐका — फौज जागी झाली की आधी खाज वाढेल. सोसाल?"

"सोसीन!" असं म्हणून तिनं ट्यूब तिथंच कचऱ्याच्या डब्यात फेकली.

सोसणं सोपं होतं का? पंधरा दिवस अंगावर निखारे! नवरा सुकराम पंख्यानं वारा घालत बसायचा, म्हणायचा, "लाव ना थोडीशी." ती म्हणायची, "माह्या अंगातले लढून राह्यले, अन् मी त्याइले झोपवू?"

चट्टे लालभडक झाले. हरबाजींना तेवढंच पाहिजे होतं! सोसायटीची सभा बोलावली, ठराव मांडला — बाईला कायमचं बाहेर काढा.

फुलवंता सभेत उभी राहिली. पदर सावरला नाही, उलट मानेवरून खाली केला. "पाहा सारे! हे पाप नाही, बुरशी हाय. पाण्यातून नाही लागत, ओल्या कपड्यातून, एकाच टॉवेलातून लागते. मी का चोरी केली? कोन्तं पाप केलं ते ठरावात लिहा, मी खाली सही करीन!"

आणि हरबाजी काय करत होते? खांबाला पाठ घासत होते, मंडळी! खरर्-खरर्!

"हरबाजीभाऊ," ती म्हणाली, "खांबाले सोडा, तालुक्याले चला. डॉक्टरीणबाई चांगली हाय."

हसू फुटलं! पण हसू विरायच्या आत एक म्हातारी उठली. "मलेबी हाय वो, पोरी." मग दुसरी, मग तिसरी. एकामागून एक अकरा बाया! हरबाजींची मान खाली. हातातला ठरावाचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

साडेतीन महिन्यांनी फुलवंताची कातडी निवळली. काळे डाग राहिले, तिनं ते झाकले नाहीत. पुढच्या हंगामात तलावात पहिलं पाऊल कुणाचं पडलं? तिचंच! मागून अकराही जणी.

आता वळतो तुमच्याकडे. सुनेच्या अंगावर चट्टा दिसला की तिचं अंथरूण पडवीत टाकता ना? स्वतःच्या खिशात मात्र ट्यूब! इथून मला दिसतंय बरं, कोण कोण मांडी चोळतंय ते! अहो, देवानं तुमच्या कातडीखाली पहारा बसवलाय. तुम्ही जेवता, निजता, भांडता — तो तुमच्यासाठी झुंजतोच आहे! आणि असा पहारा अंगात असताना तुम्ही मान खाली घालता? कुणासाठी? वर करा! आणखी वर! आता त्या ताठ मानेनं म्हणा — विठ्ठल!