सायकलवीराचा नारळ

सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरी तुळशीदासांनी ‘सायकलवीर’ म्हणून निलेशचा सत्कार केला होता. आज घाटकोपरच्या गिरणीत, दळणाच्या रांगेत, पुढे निलेशची बायको जान्हवी मैत्रिणीशी बोलत होती. तुळशीदासांनी कान टवकारले.

“गाऊनवर ओढणी घ्यायची, डबा सायकलच्या कॅरियरला बांधायचा, की निघाले!”

“आणि निलेश?”

“तो टाइट चड्डी, हेल्मेट घालून गेटवर फोटो काढतो आणि वर येऊन झोपतो.”

“मग टायर कशाने झिजले गं?”

“माझ्या मासळीबाजाराने!”

“आणि सत्कार त्याचा?”

“शाल त्याने पांघरली ना. नारळ मी बांगड्याच्या कालवणात घातला.”

तुळशीदासांना ठसका लागला. जान्हवीने वळून पाहिलं.

“काका, पुढच्या पूजेलाही त्याचाच सत्कार करा हं. फक्त नारळ जरा मोठा बघा.”