एप्रिलची बॅच

थोरला : काच वर कर आधी. सगळी युनियन इथूनच गाड्या काढतेय आणि प्रत्येक जण आत डोकावून जातोय.

धाकटा : डोकावू दे की. कॅप्टनसाहेबांनी मीटिंगमध्ये करार वाचून दाखवला, टाळ्या घेतल्या, आता पार्किंगमध्ये भावाची समजूत काढतायत. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

थोरला : टाळ्या कसल्या! पुढच्या दोन रांगा वाजवत होत्या. मागे तुम्ही सगळे हाताची घडी घालून बसला होतात, ते काय मला दिसलं नाही?

धाकटा : पुढच्यांचा पगार वाढला, त्यांनी वाजवल्या. आमच्या तोंडाला पानं पुसली, आम्ही कशाला हात दुखवून घ्यायचे?

थोरला : आज मिळतंय त्यातला एक पैसा जात नाहीये तुमचा. फक्त पुढची वाढ नव्या दरानं मिळेल. एवढंच.

धाकटा : एवढंच! दादा, उद्या मी कॅप्टन झालो तरी माझा तासाचा दर तुझ्यापेक्षा कमी. रिटायर होईपर्यंत कमी. विमान तेच, रनवे तोच, वादळही तेच. इंजिन बंद पडलं तर ते काय विचारणार आहे, तुम्ही कोणत्या बॅचचे म्हणून?

थोरला : ओरडू नकोस. वर्षभर त्या खोलीत मी बसलोय. समोर कंपनीचा तो गोडबोल्या. पहिल्याच दिवशी म्हणाला, जास्त ताणलंत तर भाड्यानं घेतलेली विमानं परत करू. मागे केलीच होती ना? तेव्हा घरी कुणाला बसवलं? सगळ्यात नव्यांना. ते पुन्हा होऊ नये म्हणून सही केली मी. तुमच्यासाठीच केली.

धाकटा : आमच्यासाठी सही केलीस आणि आम्हालाच उंबऱ्याबाहेर ठेवलंस.

थोरला : अरे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. जानेवारीपर्यंत लागलेले जुन्या दरात, पुढचे नव्या.

धाकटा : आणि मी एप्रिलचा.

थोरला : हो.

धाकटा : का रे मी एप्रिलचा?

थोरला : ते आता उकरून काढू नकोस.

धाकटा : का नको? जानेवारीच्या यादीत नाव होतं माझं. गणवेशाचं मापसुद्धा देऊन झालं होतं. मग बाबा हॉस्पिटलात पडले. तुझं कॅप्टनचं ट्रेनिंग चालू होतं, ते सोडलं असतंस तर परत कधी नंबर लागला असता कुणास ठाऊक. तू मला जिन्यापाशी बाजूला घेतलंस. म्हणालास, तू थांब इथे, पुढच्या बॅचला जा. तुझी जागा काय पळून जातेय?

थोरला : म्हणालो होतो. तेव्हा काय माहीत, सगळं असं तारखेवर येऊन ठेपेल ते.

धाकटा : मी तक्रार करत नाहीये. बाबांजवळ मी होतो, याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. तू नव्हतास याचं मात्र वाटतं. शेवटी शेवटी ते मला तुझ्या नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचो.

थोरला : हे तू कधी बोलला नाहीस.

धाकटा : तुझी परीक्षा होती तेव्हा. नंतर राहूनच गेलं.

(युनियनमधले जुने कॅप्टन, आबा, येऊन काचेवर टकटक करतात.)

आबा : काय रे, भाऊ-भाऊ! काचा बंद करून कसली खलबतं चाललीयेत? उघडा जरा, हात मिळवू द्या या म्हाताऱ्याला.

थोरला : या, आबा. निघालोच होतो आम्ही.

आबा : अरे, मी वर्षअखेरीला घरी बसणार. जाता जाता पेन्शन वाढवून दिलीस, आशीर्वाद देऊन जावं म्हटलं. आणि याचं तोंड का असं? एरंडेल पाजलंस की काय?

धाकटा : मी एप्रिलच्या बॅचचा ना, आबा.

आबा : हो की रे! विसरलोच. पण पोरा, भाऊ असावा तर असा. शेवटच्या बैठकीला कमिटीत मीही होतो ना. तो गोडबोल्या आपणहून म्हणतो कसा, ‘कॅप्टन, तुमचा भाऊ एप्रिलचा ना? मग एप्रिलच धरू या की, आम्हाला काय जड आहे!’ आम्ही माना डोलावणार, तेवढ्यात हा ताडकन उठला. ‘माझ्या भावासाठी रेघ हलवायची नाही. जानेवारी म्हणजे जानेवारी!’ त्या गोडबोल्याचं तोंड एवढंसं झालं बघ.

थोरला : आबा, पुरे आता.

आबा : लाजतोय! अरे, इतका सरळ माणूस या युनियनला परत मिळायचा नाही. सगळ्यांना सांगत सुटलोय मी. चला, निघतो. आणि संध्याकाळच्या आत फोनवरून करारावर मतं टाका रे, मागच्या खेपेला निम्मे विसरले होते.

(आबांची गाडी निघून जाते.)

धाकटा : खरं आहे हे?

थोरला : लाच होती ती. समजून घे. ती घेतली असती तर पुढच्या प्रत्येक मुद्द्यावर त्यानं माझी मान पकडली असती. आणि सगळे बोलले असते ते वेगळंच. कमिटीवर बसला आणि भावाचं भलं करून घेतलं म्हणाले असते.

धाकटा : माझ्या एकट्याचं?

थोरला : म्हणजे?

धाकटा : एप्रिलमध्ये मी एकटाच लागलो होतो का रे? बॅच होती, दादा. वर्ग भरलेला होता. आमच्यातला तो टकलू आठवतो? बँकेतली चांगली नोकरी सोडून, केस गेल्यावर विमान शिकायला आला. त्याच्या हातात वर्षंच किती उरलीयेत! ती उंच पोरगी, नवरा अंथरुणाला खिळलेला, तरी एक ड्युटी चुकवत नाही. त्यांचा कुणी भाऊ नव्हता त्या खोलीत. त्यांना जुना दर मिळत होता. कंपनी आपणहून देत होती. आणि तू ताडकन उठलास.

थोरला : मला तेव्हा... त्यानं तुझं नाव घेतलं, मग मला तूच दिसलास फक्त.

धाकटा : मी कुठे दिसलो? लोक काय म्हणतील ते दिसलं तुला.

थोरला : उद्या जातो त्याच्याकडे. एप्रिल मागून घेतो.

धाकटा : कुठल्या तोंडानं मागशील? तेव्हा तो फुकट देत होता. आता सही झालीये, आता तो किंमत सांगेल. आणि आज मागितलंस तर ते खरोखरच भावासाठी मागितल्यासारखं होईल.

थोरला : मग करू काय मी? तूच सांग. वर्षभर धड झोपलो नाही रे. हे मिळालं नाही, ते सोडावं लागलं, सगळीकडे माघार घेतली. वाटलं, ही एक तरी गोष्ट आपण स्वच्छ केली. घरी येऊन तुझ्या वहिनीला अभिमानानं सांगितलं होतं.

धाकटा : वहिनी काय म्हणाली?

थोरला : उठून ताटं घेतली तिनं.

धाकटा : हं.

थोरला : मत काय देणारेस?

धाकटा : विरोधात. त्यानं काही अडत नाही तुमचं. तुम्ही जास्त आहात, करार होईल. उद्यापासून मी कुठल्या तरी कॅप्टनशेजारी बसेन, तो हवामानाबद्दल बोलेल, मी हो हो म्हणेन.

थोरला : आणि तुझ्या बॅचला सांगशील? आबा बोलले ते?

धाकटा : सकाळपासून विचारतायत ते मला. तुझ्या दादानं आपल्यासाठी काही ना काही केलं असेलच ना म्हणून. फार आशा होती रे त्यांना तुझ्याकडून.

थोरला : खरं ते सांगून टाक. मी ऐकून घेईन त्यांचं.

धाकटा : तू घेशील. टकलूला काय करायचंय ते खरं? सांगेन, दादानं खूप जोर लावला, कंपनीनंच ऐकलं नाही.

थोरला : आबा सगळ्यांना सांगत फिरतायत, ऐकलंस ना? उद्या तूच खोटा पडशील त्यांच्यासमोर.

धाकटा : पडेन. दार उघड, लॉक लागलंय.

थोरला : थांब ना. रविवारी जेवायला येतोयस ना? आई दोनदा विचारून गेली.

धाकटा : ड्युटी आहे म्हणून सांग.

थोरला : रोस्टर बघितलंय मी. रविवारी सुट्टी आहे तुला.

धाकटा : सुट्टीच आहे. आईला तू ड्युटी सांग, दादा.