पाठीवरची छाप

आणि वर मलाच विचारतात, "कुणाचं जनावर हे?"... जनावर! अहो, मी माणूस आहे, तोकमोक शहरात फ्रीज दुरुस्त करतो, दोन पोरींचा बाप आहे, आणि माझे स्वतःचे वडील, तेही वारलेले, घोड्यावरून येतात, मी जेवून आडवा झालेला असतो तिथे लगाम खेचतात, चाबकाच्या दांड्यानं माझी कूस ढोसतात आणि विचारतात, "कुणाचं जनावर हे?" लोकांकडे मेलेली माणसं रात्री येतात म्हणे. आमचे बाबा दुपारी येतात! जन्मभर नारिनच्या डोंगरात घोडे राखले, कळप दुपारी पाण्यावर थांबला की तेवढीच काय ती फुरसत, ती सवय मेल्यावरही सुटली नाही. रात्री आले असते तर निदान घाबरायला रीतसर वाटलं असतं, पण भर उन्हात, मटणाचा ढेकर अर्धा राहिलेला असताना कसं घाबरायचं माणसानं? पण घाबरतो हो. दरदरून घाम फुटतो.

का विचारतात? तर मी सासुरवाडीत राहतो म्हणून. काम तोकमोकला, जिपाराच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या माहेरी दोन खोल्या रिकाम्या, राहिलो, त्यात काय आभाळ कोसळलं? बाबांच्या मते कोसळलं. मी सामान गाडीत चढवत होतो, तर दारात उभे राहून शायलूकाकांना म्हणाले, मला नाही हं, काकांना... "कालिस आता आपल्या कळपातला राहिला नाही." आणि त्याच हिवाळ्यात गेले! आता हे वाक्य परत कोण घेणार, सांगा मला. जिवंत माणसाशी भांडता येतं, गेलेला माणूस आपलं बोलून मोकळा झालेला असतो. ते वाक्य तसंच राहिलं माझ्या छातीत.

म्हणून टॅटू! मी त्यांचाच, हे अंगावरच गोंदवून दाखवायचं. बाजारामागे वादिम म्हणून एक दाढीवाला आहे, तो मशीन पुसत म्हणाला, "काका, टॅटूला अर्थ पाहिजे. अर्थ नसेल तर तो नुसता डाग." मी म्हटलं, "अर्थ असा काढ बाबा, की मेलेल्या माणसाला घोड्यावरून, लांबून, चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे." तो म्हणाला, "मग लांडगा काढू, सगळे काढतात." ठरलं. दुपारी बाबा हजर! "लांडगा? माझी शिंगरं ज्यानं फाडली त्याला दंडावर बसवून मिरवणार? कुणाचं जनावर हे?"... लांडगा रद्द.

मग म्हटलं, खुद्द बाबांचाच चेहरा काढू, टोपीसकट, मिशांसकट. किती छान कल्पना! जिपाराला सांगितलं तर तिच्या हातातलं लाटणंच पडलं. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? सासऱ्यांपुढे मी आयुष्यात उघड्या डोक्यानं गेले नाही, त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, त्यांना पाठ दाखवली नाही... आणि आता ते माझ्या उशीवर येऊन झोपणार? मी काय रुमाल बांधून झोपू? कूस बदलायची झाली तर त्यांची परवानगी मागू? सकाळी उठून तुमच्या दंडाला वाकून नमस्कार करू?" बरं, मी दुपारी डोळे मिटले तर बाबा तिच्याच बाजूनं! "सूनबाई शहाणी आहे. तू मात्र... कुणाचं जनावर हे?"

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, डोक्यात लख्ख उजेड पडला. जनावर म्हणताय ना? मग जनावराची ओळख कशी पटते? छापेनं! आमच्या कुळाची छाप म्हणजे एक उभा दांडा आणि वर डावीकडे वळलेला आकडा. लोखंड लाल करून घोड्याच्या पुठ्ठ्यावर उमटवायचा, की घोडा चीनमध्ये जरी गेला तरी आमचाच. जिपाराच्या माहेरचीही तीच छाप, फक्त आकडा उजवीकडे. पूर्वी दोन भावांनी कळप वाटला, छाप कुणी सोडेना, म्हणून एकानं उलटी घेतली, आणि तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांची जनावरं हाकलतायत. आमच्या लग्नात बाबा व्याह्यांच्या तोंडावर म्हणाले होते, "आकडा उलटा, तशी अक्कलही उलटी."

लगेच गाडी पकडून गावी गेलो. शायलूकाकांनी गोठ्यातून छापेचं लोखंड काढून दिलं, डोळ्यांत पाणी. बाबांचं नाव घेऊन म्हणाले, "सुयुनबाय असता तर आज खूश झाला असता." मी ते पोटाशी धरून, बाळासारखं, तोकमोकला आणलं आणि वादिमसमोर ठेवलं. "हे असंच्या असं काढ. रेघ इकडची तिकडे झाली तर याद राख!" कुठे? पाठीवर, खांद्याच्या खाली, घोड्यावर बसलेल्याला वरून दिसेल असं. त्यानं लोखंडाच्या तोंडावर कागद धरून नक्षी उतरवली, पाठीवर कोरली, तीन तास मी दातात पट्टा धरून पडलो. मग आरशाकडे पाठ करून मान वळवून पाहिलं... आणि रडलो हो! तोच दांडा, तोच डावीकडे वळलेला आकडा, आमच्या घोड्यांवर असायचा तस्साच. वादिमच्या दाढीचा मुका घेतला मी.

घरी येऊन सदरा काढला. जिपारानं पाहिलं. पदर तोंडात कोंबावा तसा रुमाल तोंडात कोंबला आणि बापाला हाक मारली. सासरे, एसेनगुल, आले, त्यांनी पाठीला नाक लावून पाहिलं आणि मला मिठीच मारली! "जावईबापू! आमची छाप? पाठीवर? अरे, मेंढा कापा रे!"

कळलं ना तुम्हाला? तुम्हाला ऐकून कळलं, मला करून नाही कळलं! ठसा नेहमी उलटाच असतो. लोखंड उलटं, म्हणून घोड्यावर सुलटं उमटतं. मी लोखंड कोरून घेतलं! आणि आरशात जे सुलटं दिसलं ते आरशानं उलटं केलेलं उलटं! घोड्यांत जन्मलो, पण लहानपणी छाप मारताना माझं काम घोड्याचं डोकं धरण्याचं, लोखंडाकडे बघायला वेळ कुणाला होता? आणि आता दुरुस्त करावं म्हटलं तर तेही नाही. छापेवर छाप असलेलं जनावर म्हणजे चोरीचं, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी जिपारानं मुद्दाम तेलात बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळले, गेलेल्यांना तेवढा वास तरी पोचतो म्हणून. मी जेवलो नाही. पालथा पडलो, सदरा काढून. आले. लगाम खेचला. "कुणाचं जनावर हे?" मी म्हटलं, "बाबा, तुमचं! बघा तरी, छाप आहे!" खाली उतरले. जिवंतपणी कधी माझ्यासाठी घोड्यावरून उतरले नव्हते. थंडगार हात पाठीवर ठेवला, आकड्यावरून बोट फिरवलं, आणि इतक्या हळू म्हणाले, "अरेरे... हे तर व्याह्यांचं." रागावले असते तर बरं झालं असतं. पण आमचे बाबा म्हणजे सरळ माणूस, दुसऱ्याचं जनावर एक रात्र ठेवून घेतलं नाही कधी. मला पुढे घातलं आणि हाकत हाकत सासऱ्यांच्या फाटकाशी आणलं. तिथे जिपाराचे वारलेले आजोबा उभे! बाबा त्यांना म्हणाले, "तुमचं जनावर चुकून आमच्याकडे आलं होतं. गुणी आहे हो. नीट सांभाळा."

गुणी! अख्ख्या जन्मात ऐकलं नव्हतं मी हे त्यांच्या तोंडून. ऐकलं ते कधी, तर मला परत करताना! आणि वळून गेले. तेव्हापासून आले नाहीत. मी रोज दुपारी पालथा पडतो, दार उघडं ठेवतो, बोरसोकाचा वास सगळ्या गल्लीत जातो... टापा काही वाजत नाहीत.

नाही, परवा वाजल्या! मी धडपडत उठलो, म्हटलं आले... तर जिपाराचे आजोबा. पाठ बघितली, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "हां, आपलंच आहे. ऊठ, झोपतोस काय, पाणी भर." जिवंतपणी घरजावई आहेच हो... आता मेल्यावरही सासुरवाडीलाच जायचंय.