उयारक नावाचे सगळे

लेटिया : उयारक नावाचं एक बेट आहे. ओहोटीला चालत जाता येतं.

युनीस : दूध परत ओघळलं सगळं. गिळतच नाही पोर.

लेटिया : एक बाई होती. कातडी मऊ करायला चावून चावून दात झिजलेले. उपासमारीच्या हिवाळ्यात शेजाऱ्यांची पोरं जगवली तिनं.

जोआनसी : वारा तसाच आहे. नर्स म्हणाली, थांबला की बाळाला दवाखान्यात न्यायला विमान निघेल. तोवर थेंब थेंब पाजत राहा.

लेटिया : माझ्या बापाचा कुत्रा होता, सगळ्यांत पुढे धावणारा. आणि पलीकडच्या गावात एक आहे अजून. सारखी बिंगो जिंकते, पण कुणाला चहा म्हणून पाजत नाही.

युनीस : आई, बेट झालं, बाई झाली, कुत्रासुद्धा झाला. सगळे उयारक सांगितलेत. तुमचा मुलगा तेवढा राहिला.

लेटिया : त्याला मध्ये आणू नकोस.

युनीस : बर्फ फुटून तो गेला, त्याला वर्ष होत आलं. त्याचं नाव तुम्ही कुणालाच दिलं नाहीत. ही जन्मल्यापासून रडतेय ती कशासाठी? नाव मागतेय ती!

जोआनसी : युनीस, पुरे आता.

युनीस : तू गप्प बस. भाऊ तुझा होता, तरी तोंड उघडत नाहीस. घरातल्या मोठ्या बाईनंच नाव द्यायचं, नाहीतर मी कालच दिलं असतं.

लेटिया : मुलगी आहे ती.

युनीस : आणि ती दात झिजलेली कोण होती? बाप्या?

जोआनसी : आई, हे तुला कधीपासून खुपायला लागलं? मी मुलगा, तरी मला तुझ्या आजीचं नाव दिलंस. अजून रागावलीस की 'आजी' म्हणतेस.

लेटिया : नाव दिलं की तो आला. मग हिला मी 'माझ्या मुला' म्हणायचं. आणि वारा नाही थांबला तर? पोटात काही गेलंच नाही तर? एकदा पुरलंय मी त्याला. दगड या हातांनी रचलेत. पुन्हा रचू?

(बाळाचं रडणं बारीक होत जातं.)

युनीस : आवाज उतरला तिचा. आई, बिननावाची गेली, तर मी कुणाला पुरायचं?

लेटिया : ...आण इकडे. डोकं धर नीट. उयारक. अरे, ऐकतोस का? मी आई तुझी.

युनीस : डोळे उघडले!

लेटिया : उघडणारच. उठवलेलं कधी आवडलंय त्याला? लाव छातीशी.

जोआनसी : नर्सचा फोन! विमान निघालं!

लेटिया : माझा कोट दे. मुलाबरोबर मी जाणार.

युनीस : आणि मी?

लेटिया : तूही चल. वहिनी ना त्याची!

युनीस : तोंड लावलंय, पण ओढत नाही, आई. ओढतच नाही.

लेटिया : उन्हाळ्यात जन्मला तो, तंबूत. पहिले दोन दिवस प्यायला नव्हता.