भुसकटानं तुंबलेला संडास

आमचं मूळ मेंढरावाल्याचं. बाप सहा-सहा महिने मेंढरामागंच ऱ्हायचा, आज या शिवारात तर उद्या त्या, मंग घरात संडास असतो हे आम्हाला कुठून माहीत. आता कुंभार पिंपळगावाजवळ तीन एकर हाय, आठ शेळ्या हायत, घर पत्र्याचं हाय पण बराबर हाय. संडास योजनेतून भेटला, बांधला बी. पण खरं सांगू का तुम्हाला, मी त्यात कधी बसलोच न्हाई. पक्क्या भिंती, लोखंडी दार, पाण्याचा थेंब आत येत न्हाई, अशी जागा हागायला कोण देतं? मी त्यात शेळ्यायसाठी सोयाबीनचं भुसकट भरून टाकलं. बायको बोलायची, बोलू दिलं.

त्याच्यापायी माझी पोरगी रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली न्हाई. जावई जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात हायत, तिथं खोलीत संडास हाय. पोरगी म्हणली, बाबा, टाके घेऊन मी वावरात कशी जाऊ. दुसरं लेकरू बी आता पोट फाडूनच झालं, तवा मी फोनवर म्हणलं, ये, संडास चालू करतो, तुझ्या बापाची जबान हाय.

चालू कसा केला ते ऐका. भुसकट फावड्यानं काढलं, खाली चार बोटं थर ऱ्हायला, तो कोण गोळा करत बसतं, म्हणून संडासाच्या भांड्यात ढकलला आन् वरून चार बादल्या पाणी ओतलं. गेलं की, झालं. दोन दिवस आम्ही नवरा-बायकोनं वापरला, तिसऱ्या दिवशी सकाळी बायको बोंबलत आली, सगळं वर आलंय, काठापर्यंत! भुसकट खालच्या वाकड्या पाइपात फुगून बसल्तं. आन् पोरगी त्याच दिवशी दुपारी येणार.

बांबू घातला, तर आजूनच ठासलं. गरम पाणी ओतलं, तर आजूनच फुगलं. घनसावंगीच्या मशीनवाल्याला फोन लावला, तो म्हणला परवा येतो. मी डोक्याला हात लावून बसलो. बायको म्हणली, हात घाला. मी म्हणलं, आपण असलं काम करायचं का, लोक काय म्हणतील. तर ती म्हणली, ज्याला बोलावून राह्यले त्याचा हात काय लाकडाचा हाय का, शेळी विताना अडली तर कोपरापर्यंत हात घालता, आन् सोताच्याच घाणीची लाज? तिचं काय खोटं न्हवतं. मी उठलो.

खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी कोपरापर्यंत चढवली, सुतळीनं बांधली, तोंडाला रुमाल. आधी डबड्यानं वरचं सगळं काढून मागं खड्ड्यात पुरलं, मंग हात घातला. पेंडीवानी घट्ट बसल्तं, मूठ-मूठ निघायचं. दोनदा वकलो, बाहेर येऊन बसलो, पुन्हा गेलो. तेवढ्यात दारात गाडी. जावयानं पोरीला धरून उतरवलं, लांबचा रस्ता, तिला लगेच संडासला जायचं व्हतं. वासानंच तिला समजलं. रागावली न्हाई, हळूच म्हणली, बाबा, वापस जाऊ का. काय सांगू तुम्हाला, ती रागावली असती तर बरं व्हतं. म्हणलं, दहा मिनिटं थांब, बाळा. मंग पिशवी फाटली तरी मी थांबलो न्हाई, हाताला शेवटचा गोळा लागला, तो वढला, बादली ओतली, आन् पाणी घळघळ खाली गेलं. बायकोनं फिनेल टाकून धुतला, पोरगी आत गेली. मी भिंतीला टेकून रडलो, सांगायला काय लाजायचं.

गावात मात्र मशीन आणल्ती म्हणून सांगितलं. परवा शेजारचा म्हातारा बाळ बघायला आल्ता, त्याचा बी संडास तुंबला, म्हणला मशीनवाल्याचा नंबर दे. मी तोंड उघडायच्या आत रेखा आतून म्हणली, काका, मशीन न्हवती, माझा बाप व्हता. चार माणसं बसल्ती. मी खाली मान घातली, मंग म्हणलं, व्हय, मीच व्हतो.

भुसकट आता बाहेर हाय, ताडपत्री टाकलीय, थोडं भिजतं, भिजू द्या. पोरगी सव्वा महिना ऱ्हाणार व्हती. काल बाळाला मांडीवर घेऊन म्हणली, बाबा, आजून आठ दिवस ऱ्हाऊ का. म्हणलं, ऱ्हा माय, घर तुझंच हाय.