सशाची अँटिबॉडी

विश्रांतवाडीच्या बाबुरावांच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. अखेर उत्तराचं पाकीट घेऊन सदाशिव पेठेतल्या पोस्टात रांगेला उभा राहिलो. पुढे संशोधन करणाऱ्या दोन मुली बोलत होत्या.

“पूर्वा, पेशींत ते माणसाचं प्रोटीन सापडलं?”

“तीन आठवडे दिसलंच नाही. सरांना सांगून टाकलं, नाहीये म्हणून.”

“ते शोधायला घातलेली अँटिबॉडी सशाची होती ना?”

“हो. पण ती चमकावी म्हणून मी वर फक्त उंदराच्या अँटिबॉडीला चिकटणारं द्रावण घालत होते.”

“वा. ससा काही बोलला नाही?”

“हसू नकोस, सृष्टी. सर उद्या परिषदेत हेच सांगणार आहेत.”

“मग आत्ता फोन कर.”

“इतक्या उशिरा, कुठल्या तोंडाने?”

“याच. दुसरं आणलंयस का?”

तिने फोन लावला. “सर, चूक माझी आहे.”

मी पाकीट खिडकीत सरकवलं.